बॅटरी संपली म्हणजे फोन संपला का?

हा फोन बघा. स्क्रीन ठणठणीत, कॅमेरा मस्त, आवाज क्लिअर, फक्त चार्जिंग दुपारपर्यंत पण टिकत नाही. आणि एवढ्यासाठी लोक नवीन फोन घेतात!

आता लिथियम-आयन बॅटरी झिजणारच, ते केमिस्ट्री आहे, त्यात कुणाची लबाडी नाही. पण ती आत गोंदाने चिकटवून टाकायची, मागची काच गरम केल्याशिवाय निघणारच नाही अशी बसवायची, हे कुणीतरी मीटिंगमध्ये ठरवलेलं असतं. पूर्वी मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी काढायची, नवी टाकायची, काम झालं. कंपन्या म्हणतात पाणी आत जाऊ नये म्हणून, फोन स्लिम व्हावा म्हणून, आणि ते खोटं नाहीये, पण रिपेअरचा खर्च इतका वाढतो की माणूस नव्या फोनकडेच वळतो, त्याचं काय?

डिसेंबर 2017 मध्ये ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेले काही आयफोन अपडेटमधून स्लो केले जातात, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. ठीक आहे, पण मग आधी सांगायचं ना! नुसती बॅटरी बदलून फोन परत पळाला असता हे लोकांना कळलंच नाही. फ्रान्सने यावर 2020 मध्ये अडीच कोटी युरोचा दंड लावला.

हे आजचं नाही. 1924 मध्ये बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात 'फिबस' नावाचा गट केला आणि बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणलं, त्याआधी बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्यालाच दंड!

प्रिंटरचं तर अजून वाईट वाटतं. हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करताना वाया जाणारी शाई आत एका स्पंजसारख्या पॅडमध्ये मुरते, आणि ती किती झाली याचा हिशोब सॉफ्टवेअर ठेवतं. काही मॉडेल्समध्ये तो आकडा भरला की प्रिंटर बंद, मोटर चांगली, हेड चांगलं, तरी एक पानसुद्धा निघत नाही. बिघडलेलं काहीच नसतं.

युरोपियन युनियनने मात्र 20 जून 2025 पासून नवीन फोनसाठी नियम लावलेत: 800 वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची 80 टक्के क्षमता उरली पाहिजे आणि विक्री थांबल्यावरसुद्धा 7 वर्षं स्पेअर पार्ट मिळाले पाहिजेत. तिथे विकायचं असेल तर आता तसे फोन बनवावेच लागतात, आणि कंपन्या बनवतायत.