रायचूर–सोलापूर : देशाची वीज एका चालीवर

सोलापूरच्या कोरडवाहू शिवारांतून उंच मनोऱ्यांची एक रांग कर्नाटकातील रायचूरकडे जाते. ७६५ किलोव्होल्ट दाबाची ही पारेषण वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि देशाच्या पाचही विभागांचा मिळून एकच ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे सलग जाळे, झाला.

त्याआधीही दक्षिणेला वीज जात होतीच. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे पश्चिमेची वीज एकाच आवारात एसीची (दिशा सतत पालटणाऱ्या प्रवाहाची) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) आणि लगेच पुन्हा एसी करून पलीकडच्या जाळ्यात सोडली जाई. वरवर पाहता हा द्राविडी प्राणायाम वाटेल. परंतु दोन जाळ्यांची वारंवारता, म्हणजे एसी प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने (हर्ट्झ), जुळत नसेल, तर त्यांना थेट तारेने जोडता येत नाही. एसी ग्रिडमधील सारी जनित्रे एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी एकाच चालीने चालतात. मागणी निर्मितीच्या पुढे गेली की सगळ्यांचीच चाल मंदावते आणि ग्रिडवर नजर ठेवणाऱ्या भार प्रेषण केंद्राच्या पडद्यावरील ५०.०० हर्ट्झचा आकडा घसरू लागतो.

म्हणजे जू एक झाले की ठेचही सगळ्यांनाच लागते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्येचे ग्रिड कोसळले, दिल्लीची मेट्रो जागच्या जागी थांबली. दक्षिण मात्र वाचली, कारण तिचा उर्वरित देशाशी असलेला दुवा डीसीचा होता. तरीही दीड वर्षाच्या आत तिला थेट जोडून घेण्यात आले, आणि तो निर्णय योग्यच होता. दक्षिणेत भारनियमन चालू असताना अन्यत्र उपलब्ध असलेली वीज वाट अपुरी म्हणून पोहोचत नव्हती. शिवाय ५०० मेगावॅटचा एखादा संच अचानक बंद पडला, तर लहान जाळे हादरते. मोठ्या जाळ्यात तोच धक्का शेकडो जनित्रांत वाटला जातो.

या जुळणीची विलक्षण कसोटी ५ एप्रिल २०२० रोजी लागली. कोरोना टाळेबंदीत पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी घरोघरी दिवे मालवले गेले आणि काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली. औष्णिक संच इतक्या झटपट आवरता येत नाहीत. त्यामुळे देशभरातील जलविद्युत केंद्रांनी टर्बाइनचे पाणी भराभर कमी केले. वारंवारता ५०.२६ हर्ट्झपर्यंत चढली. नऊ मिनिटांनी दिवे पुन्हा लागू लागले, तसे तेच पाणी पुन्हा टर्बाइनवर सोडण्यात आले.