जाता जाता हातात राहिलेलं

(काळा पडदा. विमानाचं इंजिन सुरू होतं.)

जुना युद्धपट बघताना आपण सगळेच थोडे ज्योतिषी होतो. शिपायानं खिशातून प्रेयसीचा फोटो काढला, की हा काही परत येत नाही! मग गोळी लागते. मित्र त्याचं डोकं मांडीवर घेतो, आणि छातीत गोळी असलेला हा माणूस आईसाठी निरोप, देशासाठी दोन वाक्यं आणि मित्रासाठी विनोद, एवढं सगळं सांगून मगच मान टाकतो. सिनेमा संपला की त्याचं नावही आठवत नाही.

लक्षात राहिलेली मरणं फार कमी बोलतात.

'विंग्ज', १९२७. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला ऑस्कर मिळवणारा, आणि तोही मूकपट. दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होता. प्रशिक्षण तळावरच्या तंबूत दोन नवे कॅडेट आलेत. तिथं आधीपासून असलेला उंच, देखणा तरुण चॉकलेटचा एक तुकडा मोडून खातो, उरलेलं तिथंच टाकतो आणि हसत उड्डाणाला निघून जातो. जमिनीवर विमानाची सावली दिसते, आणि विमान कोसळतं. लढाई नाही, शत्रूही नाही. तंबूत अर्धवट खाल्लेलं चॉकलेट तेवढं उरतं. तो तरुण होता गॅरी कूपर. जेमतेम दोन-तीन मिनिटांचं काम, पण लोक विचारू लागले, हा कोण?

(दृश्य: खंदक. दूरवर माउथ ऑर्गन.)

तीन वर्षांनी, १९३० साली, 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. तो ज्यावर बेतलाय त्या रेमार्कच्या कादंबरीत नायक, जर्मन शिपाई पॉल, कसा मेला हे जवळजवळ सांगितलेलंच नाही. तो ऑक्टोबर १९१८ मध्ये पडला, त्या दिवशी आघाडीवर सगळं इतकं शांत होतं की लष्करी अहवाल एका वाक्यात उरकला, एवढंच. हे पडद्यावर कसं दाखवणार? दिग्दर्शक लुइस माइलस्टोननं एक फुलपाखरू आणलं.

नीट बघा. खंदकाच्या कडेपलीकडे एक रिकामा डबा पडलाय, शेजारी फुलपाखरू. पॉल हसतो. रजेवर घरी गेला होता तेव्हा लहानपणी जमवलेली फुलपाखरं आपण पाहिलीयत, म्हणून ते हसू आपल्याला कळतं. तो हात लांबवतो, पोचत नाही, आणखी थोडा उठतो. पलीकडे फ्रेंच नेमबाज बंदूक रोखतोय. आता पडद्यावर फक्त हात. गोळीचा आवाज. हात झटक्यानं मागे जातो आणि हळूच सैल पडतो. माउथ ऑर्गन थांबतो.

गंमत अशी, की तो हात पॉल झालेल्या लू एअर्सचा नाहीच. हा शेवट ठरला तेव्हा नटाचं काम संपलं होतं. हात खुद्द माइलस्टोनचा आहे. चेहरा दाखवायची सोय नव्हती, आणि माझ्या मते तेच बरं झालं.

'सँड्स ऑफ आयवो जिमा', १९४९. टेकडी सर झालीय, सार्जंट स्ट्रायकर निवांत बसून सिगारेट काढतो, आणि पाठीत गोळी बसते. जॉन वेनसारखा नायक, आणि एक शब्द बोलायचीही उसंत नाही! खिशात मुलाला लिहिलेलं अर्धवट पत्र सापडतं. ते मोठ्यानं वाचून दाखवायची गरज होती का, असं मला दर वेळी वाटतं.

रशियन 'द क्रेन्स आर फ्लाइंग' (१९५७) मधला बोरिस दलदलीतून जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन येतो, त्याला खाली ठेवतो, आणि तेवढ्यात गोळी लागते. तो वर बघतो. बर्चची झाडं गरगरा फिरू लागतात, आणि त्या फिरण्यातच एक जिना दिसू लागतो, जिन्यावर त्याचं लग्न. कधीही न झालेलं लग्न, खाली पडायला लागतात तेवढ्या काही क्षणांत.

चेतन आनंदच्या 'हकीकत'नं (१९६४) वेगळाच मार्ग काढला. बर्फात पडलेले जवान गप्पच राहतात. त्यांच्या वतीनं बोलतात कैफी आझमींचे शब्द, मदन मोहनची चाल आणि रफीचा आवाज. मेलेल्यांनी जिवंतांशी बोलायचं, तेही 'आम्ही' म्हणून. भाषण म्हणून हे असह्य झालं असतं.

(दृश्य: किल्ला, रात्र. शोधदिवे.)

आणि माझ्या लेखी या सगळ्यांच्या वरचं. दिग्दर्शक ज्याँ रेन्वार, 'ला ग्रांद इल्युझियाँ', १९३७. पहिलं महायुद्ध, जर्मन किल्ल्यात फ्रेंच युद्धकैदी. दोघांना पळून जाता यावं म्हणून कॅप्टन बोएलद्यू पहारेकऱ्यांचं लक्ष स्वतःकडे ओढतो. पांढरे स्वच्छ हातमोजे, ओठांना बासरी. उंच जिन्यांवरून तो वर वर चढत जातो. किल्लेदार राउफेनस्टाइन त्याच्यासारखाच खानदानी, जवळजवळ मित्र. तो खालून विनवतो, परत फिर. बोएलद्यू ऐकत नाही. राउफेनस्टाइन पायावर नेम धरतो. गोळी पोटात जाते.

मरणाऱ्याच्या उशाशी तोच बसतो, माफी मागतो. बोएलद्यू त्यालाच समजावतो: अंतर बरंच होतं, आणि मी पळत होतो.

तो जातो. राउफेनस्टाइन त्याचे डोळे मिटतो, उठून खिडकीशी येतो. बाहेर बर्फ पडतोय. त्या अख्ख्या किल्ल्यात फुलाचं एकच झाड आहे, त्यानंच जपलेलं जिरेनियम.

तो कात्री उचलतो.

(कात्रीचा आवाज. पडदा काळा.)