मुदपाकखान्यातलं संग्रहालय

नमस्कार मंडळी. वक्फ हा शब्द सध्या आपल्या कानावर पडतो तो कोर्टाच्या आणि संसदेच्या बातम्यांमधून. त्या वादात मी आज शिरणार नाही. मला बोलायचं आहे इस्तंबूलमधल्या एका संग्रहालयाबद्दल. १९१४ मध्ये ते उघडलं तेव्हा त्याचं नाव होतं 'एवकाफ-इ-इस्लामिये म्युझेसी', म्हणजे इस्लामी वक्फांचं संग्रहालय. एवकाफ म्हणजे आपला औकाफ, वक्फचं अनेकवचन. आज ते 'तुर्की आणि इस्लामी कला संग्रहालय' या नावाने ओळखलं जातं आणि १९८३ पासून इब्राहिम पाशाच्या वाड्यात आहे. जागा प्रशस्त, मांडणी देखणी. पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या पहिल्या घरात.

ते घर होतं सुलेमानिये मशिदीच्या संकुलातला इमारेत. आपण 'इमारत' म्हणतो तोच हा शब्द. उस्मानी (ऑटोमन) तुर्कीत मात्र त्याला एक खास अर्थ चिकटला, अन्नछत्र. मशिदीलगतचा मुदपाकखाना, जिथे रोज मोठमोठ्या कढया चढायच्या आणि विद्यार्थी, वाटसरू, मशिदीचे नोकर, गावातले गरीब जेवून जायचे. सिनान या वास्तुकाराने सोळाव्या शतकात बांधलेल्या त्या मुदपाकखान्यात हे संग्रहालय थाटलं गेलं. आणि हे काही एकदाच घडलं नाही. वक्फांच्या गालिच्यांचं एक वेगळं संग्रहालय २०१३ मध्ये इस्तंबूलमधल्याच आयासोफिया या प्रसिद्ध वास्तूच्या आवारात हलवलं गेलं, तेही १७४३ मध्ये बांधलेल्या इमारेतमध्येच. पंगतीची खोली, स्वयंपाकाची खोली आणि पावाच्या भट्टीची खोली, अशा तीन दालनांत गालिचे लावले.

मला यात मोठी संगती दिसते. ती सांगायची तर वक्फ म्हणजे काय तिथून सुरुवात करायला हवी.

परंपरा अशी सांगते की पैगंबरांचे सहकारी हजरत उमर यांना अरबस्तानातल्या खैबरला जमीन मिळाली. तिचं काय करावं, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. उत्तराचा आशय असा की मूळ धरून ठेव आणि फळ वाटून टाक. मग उमर यांनी ती जमीन अशी लावून दिली की ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही आणि वारसांतही वाटायची नाही. तिचं उत्पन्न गरिबांना, नातलगांना, वाटसरूंना. वक्फ या शब्दाचा मूळ अर्थच थांबवणं, रोखून धरणं. मालकी थांबते, उत्पन्न वाहत राहतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माझी आजी देवळात गेली की नंदादीपाकडे बोट दाखवून सांगायची, "याच्या तेलाला शेत लावून दिलंय." लहानपणी मला ते काही केल्या कळायचं नाही. दिव्याला शेत कसं असेल? देवस्थान इनामाचे कागद वाचायला लागले तेव्हा उमगलं. सभासद बखरीतही शिवाजी महाराजांच्या राज्यात देवस्थानांची तशीच पीर आणि मशिदींची दिवाबत्ती चालवल्याचा उल्लेख आहे. 'चालवणं' हे क्रियापद मला फार मोलाचं वाटतं. दिवा देणारे पुष्कळ मिळतात. तो शंभर वर्षं रोज संध्याकाळी लागेल, त्याची वात बदलली जाईल, काच पुसली जाईल, याची तजवीज करायला वेगळीच बुद्धी लागते. वक्फची खरी कर्तबगारी मला त्या तजविजीत दिसते.

ही तजवीज दानपत्रात लिहिलेली असते. तुर्कीत त्याला वकफिये म्हणतात, आपण वक्फनामा म्हणू. सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम हिने १५५२ मध्ये जेरुसलेमला अन्नछत्र घातलं, त्याचा वक्फनामा उपलब्ध आहे. दिवसातून दोनदा जेवण. सकाळच्या सूपात तांदूळ, संध्याकाळच्यात गहू. सणावाराला मटण-भात आणि केशर घातलेला गोड भात. खर्चाला गावांचं उत्पन्न लावून दिलेलं. आणि माणसांची यादी पाहावी तर आचारी आहेत, भांडी घासणारे आहेत, धान्य निवडायलासुद्धा माणसं नेमलेली आहेत! साम्राज्याची राणी दानपत्र करताना तांदळातले खडे कोण काढणार याचाही विचार करवून घेते. मला तर हे वाचून भरून आलं होतं.

मग अशा संस्थांच्या वस्तू संग्रहालयात का आल्या? कारण चोऱ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या संग्राहकांना इस्लामी कलेची गोडी लागली आणि मशिदी-कबरींमधून गालिचे, फरश्या, पोथ्या नाहीशा व्हायला लागल्या. आयासोफियाच्या आवारात सुलतान दुसऱ्या सेलिमची कबर आहे. तिच्या दाराच्या दोन्ही अंगांना इझनिक या तुर्की गावच्या रंगीत फरश्यांची एकेक चौकट. डावीकडची चौकट एका फ्रेंच माणसाने दुरुस्तीच्या मिषाने उतरवून नेली आणि जागी नक्कल बसवली. अस्सल चौकट आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे. दोन्हींसमोर उभं राहिलं की न सांगताही कळतं. उजवीकडचा पांढरा रंग अजून जिवंत आहे, डावीकडचा विझलेला.

चोरांइतकाच दोष सरकारकडेही जातो, हे सांगायला हवं. १८२६ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने वक्फांसाठी वेगळं खातं काढलं आणि विखुरलेल्या वक्फांचा कारभार राजधानीकडे ओढायला सुरुवात केली. मुतवल्ली, म्हणजे वक्फचे कारभारी, पैसे खातात ही तक्रार खोटी नव्हती, कित्येक बड्यांनी जप्तीपासून मालमत्ता वाचवायलाही वक्फ केले होते. पण वक्फांचं उत्पन्न सरकारी खर्चाकडे वळलं आणि छपरं गळायला लागली. ज्या दिव्याच्या तेलाचे पैसे दुसरीकडे जातात त्या दिव्यावर लक्ष ठेवायला कोण राहणार? पुढे त्याच वक्फ खात्याने हे संग्रहालय उभारलं. मुदपाकखान्याच्या भिंतींत त्या मोडलेल्या व्यवस्थेचं उरलंसुरलं गोळा केलं. प्रजासत्ताक आल्यावर १९२४ मध्ये ते वक्फ खातंच बरखास्त झालं.

आता एक वस्तू जवळून पाहू. तुर्कस्तानातल्या कोन्या शहरातल्या अलाउद्दीन मशिदीत १९०५ मध्ये काही जुने गालिचे सापडले. तेराव्या शतकातले, सेल्जुक या तुर्की घराण्याच्या काळातले, जगातल्या जुन्यातल्या जुन्या गालिच्यांपैकी. ते पुढे या संग्रहालयात आले. त्यातला एक पाच मीटरहून लांब आहे. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी होते. गर्द रंगांत तीच छोटी भौमितिक नक्षी रांगेने पुन्हा पुन्हा, आणि काठाला कुफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी, अक्षरांसारखी दिसणारी जाड, टोकदार वेलबुट्टी. काही ठिकाणी लोकर पार झिजून खालचे धागे उघडे पडलेत. सातशे वर्षं हे टिकलं कसं? अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागात, घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने मशिदीला गालिचा द्यायची रीत होती. दिलेला गालिचा वक्फ झाला, म्हणजे तो विकायचा नाही, टाकायचा नाही. मग जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा अंथरत जायचं. कुणी जपायचं म्हणून ठरवलेलं नसताना थरांच्या तळाशी ही वस्त्रं राहून गेली. झिजलेल्या जागी माणसांच्या पावलांचा आणि गुडघ्यांचा हिशोब आहे.

कागदांचंही तसंच. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या चौकात खांबांवर उभी केलेली एक घुमटी आहे. जीर्ण कुराणांची पानं आणि जुने कागद फेकायचे कसे, म्हणून शतकानुशतकं तिथे ठेवत गेले. त्यातली सुमारे दोन लाख पानं १९१७ मध्ये इस्तंबूलला आणली गेली, तीही याच संग्रहात आहेत.

दमास्कसचं नाव निघालं म्हणून इब्न बतूता या प्रवाशाची हकिकत सांगते. १३२६ मध्ये तो त्या शहरात होता. गल्लीत एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची ताटली पडून फुटली. मालक मारेल म्हणून पोरगं भेदरलं. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या कारभाऱ्याकडे चल. एक जण बरोबर गेला. कारभाऱ्याने तुकडे पाहिले आणि तशीच ताटली घेता येईल इतके पैसे पोराच्या हातावर ठेवले. फुटलेल्या भांड्यांसाठी वक्फ! कधीतरी कुणीतरी असाच रस्त्यात रडणारा पोर पाहिला असेल आणि त्याच्यासाठी दुकानाचं भाडं किंवा बागेचं उत्पन्न लावून दिलं असेल.

म्हणूनच माझं या संग्रहालयांशी एक भांडण आहे. दिवा काचेच्या पेटीत ठेवतात, खाली शतक आणि धातू लिहितात. तो लावणाऱ्याचा पगार कुठल्या हमामच्या (सार्वजनिक स्नानगृहाच्या) उत्पन्नातून यायचा, हे त्या पाटीवर का नसावं? दिव्याशेजारी त्याच वक्फाच्या जमाखर्चाचं एक पान ठेवा. तेल इतकं, वाती इतक्या, झाडूवाल्याला इतके. माझ्या मते ते पान दिव्याइतकंच सुंदर आहे.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. मध्य आशियातून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची ती चक्की. हरसूलकडून मातीच्या नळांनी जमिनीखालून पाणी आणलं, त्यावर जातं फिरवलं आणि पीठ गेलं फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीला. लोक तिथे कारंजं बघतात, फोटो काढतात, परत येतात. पुढच्या वेळी त्या जात्यापाशी थांबा आणि पीठ कुणासाठी दळलं जायचं ते बरोबरच्या मुलांना सांगा.

आणि जेरुसलेमला गेलात तर हुर्रेमचं अन्नछत्र विचारा. तिथे ते आजही 'तकिया' नावाने ओळखलं जातं. त्या जुन्या शहरातली गरीब माणसं, रमजानमध्ये तर जास्तच, घरून डबे आणि पातेली घेऊन येतात आणि भरून नेतात.