मोडकं घर, जामीन सरकार

[दृश्य: फिलाडेल्फिया. भिंतीला भिंत लावून उभी असलेली विटांची घरं. एका घराच्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं.]

हे घर विकायला आहे, आणि गल्लीतल्या इतर घरांपेक्षा बरंच स्वस्त आहे. का, ते आत गेल्यावर कळतं. स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही. भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेत. माळ्यावर तुळयांना चिनीमातीचे पांढरे गोटे ठोकलेत आणि त्यांवरून वीज खेळवलीय. शंभर वर्षांपूर्वीची पद्धत! खिडकीच्या चौकटीचा रंग पापुद्र्यांनी सुटलाय. घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे त्या रंगात शिसं असेल हे धरूनच चालायचं.

अशा घरावर साधं गृहकर्ज मिळणं मुश्कील. राहण्याजोगं नसलेलं घर तारण घ्यायला बँक राजी नसते. दुरुस्त केलं तर घर कर्जाला पात्र होईल, पण दुरुस्तीचा पैसा कर्ज मिळाल्याशिवाय येणार कुठून? मग रोकड घेऊन आलेला व्यापारी ते उचलतो, रंगरंगोटी करतो आणि चढ्या भावानं विकतो.

यावर अमेरिकेत एक सरकारी तोड आहे. फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, या संस्थेची ‘२०३ के’ योजना. हा कायद्यातल्या कलमाचा क्रमांक. बारसं करायची तसदी कुणी घेतलेली दिसत नाही.

सरकार इथे कर्ज देत नाही. कर्ज बँकेचं, सरकार फक्त जामीन राहतं. हप्ते थकले, घर जप्त झालं, तर बँकेचं नुकसान एफएचए भरून देते. या विम्याचा प्रीमियम मात्र कर्जदारानं भरायचा: सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के, शिवाय दरवर्षी बहुतेकांना अर्ध्या टक्क्याच्या आसपास. प्रीमियम एकाचा, संरक्षण दुसऱ्याला. हप्ते थकवणाऱ्याचं घर जायचं ते जातंच.

तरीही लोक हे कर्ज का घेतात? हिशेब मांडून बघू. घराची किंमत धरा १ लाख ८० हजार डॉलर, दुरुस्ती ६० हजार. दोन्ही मिळून एकच कर्ज. क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, ५८० किंवा त्याहून जास्त असेल, तर स्वतःचे साडेतीन टक्के घालायचे: ८,४०० डॉलर. आणि मूल्यांकन करताना दुरुस्तीनंतर घर किती किमतीचं होईल, तेही बघितलं जातं. सगळा फरक इथेच पडतो.

[दृश्य: जिन्याखाली उभा कंत्राटदार, हातात यादी घेऊन भिंत ठोकून बघणारी सल्लागार.]

दुरुस्तीचे पैसे घरमालकाच्या हाती येत नाहीत. ते एस्क्रो खात्यात, म्हणजे काम होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात राहतात. काम मोठं असेल, पाया किंवा भार पेलणारी भिंत हलवायची असेल, तर सरकारमान्य सल्लागार नेमावा लागतो. कामांची यादी आणि खर्चाचा अंदाज तो करतो. प्लंबिंग झालं की येऊन बघतो, मग बँक त्या कामाचे पैसे सोडते, तेही १० टक्के मागे ठेवून. ही राखलेली रक्कम सगळं काम संपल्यावर मिळते. भिंत फोडल्यावर आत काय निघेल याचा नेम नसतो, म्हणून खर्चाच्या १० ते २० टक्के वेगळे बाजूला काढतात. आगाऊ पैशांची सवय असलेले कंत्राटदार या पद्धतीला नाक मुरडतात. नवा पोहण्याचा तलाव या पैशांत बसत नाही. आणि घरात निदान एक वर्ष स्वतः राहायचं, ही अट आहेच.

ही शेवटची अट अनुभवातून घट्ट झाली. गुंतवणूकदारांना १९९६ मध्ये या योजनेतून बाहेर काढलं. बिगरनफा संस्थांना मात्र मुभा राहिली, आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम आणि ब्रुकलिनमध्ये त्याच वाटेनं घोटाळा झाला. पडक्या इमारतींच्या किमती कागदोपत्री फुगवल्या, अशा संस्थांच्या नावावर कर्जं काढली, मधल्यांनी नफा खिशात घातला. दुरुस्ती झालीच नाही. हप्ते थकले, जामीन सरकार होतंच. शेकडो इमारती तशाच कुजत राहिल्या.

[दृश्य: डेट्रॉइट. घरांच्या मागून जाणारी काँक्रीटची भिंत, तिच्या एका भागावर रंगीत चित्रं.]

पण जामीनदाराची खरी ताकद बघायची तर ही भिंत बघा. सुमारे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. एफएचए स्थापन झाली १९३४ मध्ये, महामंदीच्या काळात. त्याआधी घराचं कर्ज थोड्या वर्षांचं असे, निम्म्यापर्यंत रक्कम आधी भरावी लागे. एफएचएच्या हमीमुळे लांब मुदतीची, आधी थोडीच रक्कम भरावी लागणारी कर्जं सर्रास मिळू लागली. मात्र सगळ्यांना नाही. कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणजे धोका, असं तिच्या नियमपुस्तकातच होतं. १९४१ मध्ये इथे एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती, म्हणून हमी मिळेना. त्यानं मधे ही भिंत घातली, आणि हमी मिळाली! घराच्या व्यवहारातल्या वंशभेदाला कायद्यानं बंदी आली ती १९६८ मध्ये. भिंत अजून आहे. तिच्यावरची चित्रं २००६ मध्ये काढलेली आहेत.

[दृश्य: न्यू जर्सीतला एक दिवाणखाना. टेबलावर कर्जाचे कागद.]

जामीनदाराची नवी अट आता मराठी घरांपर्यंत आली आहे. एच-वन-बी व्हिसावर इथे नोकरी करणाऱ्यांनाही एफएचएचं कर्ज मिळत असे. मार्च २०२५ मध्ये ती पात्रता रद्द झाल्याचं जाहीर झालं. आता अमेरिकी नागरिक असावं लागतं किंवा ग्रीन कार्ड तरी हवं. पॅसिफिकमधल्या तीन बेटराष्ट्रांचे नागरिक तेवढे अपवाद. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे, ते तिथल्या मराठी मंडळींना सांगायला नको. तोवर त्यांच्यासाठी उरतं ते सरकारी हमी नसलेलं कर्ज. त्यातही दुरुस्तीचा खर्च धरणारे प्रकार आहेत. पण तिथे जामीन सरकार नाही, त्यामुळे कमी क्रेडिट स्कोअरवाल्याची डाळ शिजणं कठीण.

नवा नियम लागू झाला २५ मे २०२५ ला. एफएचएचा केस नंबर, म्हणजे अर्जाला मिळणारा क्रमांक, आदल्या दिवसापर्यंत ज्यांना पडला, त्यांचे अर्ज जुन्या नियमात बसले.