बंड्याचा कान आणि आईचं तेल

नमस्कार मंडळी. बाहेर रिपरिप चालूच आहे, टॉवेल तीन-तीन दिवस वाळत नाहीयेत, आणि ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांच्या घरात सध्या कसला वास भरलाय ते मी काय वेगळं सांगायचं! आज त्यातल्याच एका वासाबद्दल बोलायचंय, कानातल्या.

आमचा बंड्या, सात वर्षांचा लॅब्रॅडॉर. दोन वर्षांपूर्वी असाच जुलै होता, रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर गेलो होतो, मी "बंड्या, नको" म्हणेपर्यंत साहेब पट्टा सोडवून खाणीच्या पाण्यात. घरी आल्यावर दिवसभर नुसतं डोकं झटकणं चालू, कान असे फटाफट वाजतायत. मला वाटलं पाणी गेलंय, काढू या, म्हणून मी शहाणपणा करून इअरबड घातला. ते बघून आईनं लसूण टाकून खोबरेल तेल कोमट केलं, "अगं तुझ्या कानात घालतच होते की लहानपणी, काय झालं तुला?" आता यावर काय बोलणार. दोन्ही कानांत दोन-दोन थेंब पडले.

चौथ्या दिवशी बंड्या मान वाकडी करून बसलेला, उजव्या कानातून चॉकलेटी चिकट मळ आणि वास म्हणजे, इडलीचं पीठ दोन दिवस झाकून विसरलं ना की कसा येतो, तसा. डॉक्टरांनी दुर्बिणीनं आत बघितलं आणि म्हणाले, "यात पाणी कुठाय, तेलच आहे सगळं."

मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे पेननं एक चित्र काढलं, ते मी अजून फ्रिजवर लावून ठेवलंय. आपल्या कानाची नळी जवळपास सरळ आत जाते, कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, बेसिनखालच्या पाइपासारखी, पडदा पार त्या वळणाच्या पलीकडे. म्हणजे आपल्याला वरून जे दिसतं तो नुसता जिना, खरी खोली पुढे आहे! पाणी साचतं ते तिकडे, आणि इअरबडनं आपण करतो काय, तर वरचा मळ दाबून वळणात नेऊन ठेवतो.

आता, प्रत्येक वेळी पाणी गेलं की घाबरायचं असंही नाही हं. कुत्रं स्वतः भारी काम करतं. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या लोकांनी ओले प्राणी अंग कसं झटकतात ते कॅमेऱ्यात पकडलं होतं, २०१२ साली छापून आलंय ते, उंदरापासून अस्वलापर्यंत सगळे प्राणी, त्यात लॅब्रॅडॉर सेकंदाला चार-पाच वेळा अंग फिरवतो. तेव्हा आंघोळीनंतर त्याला मनसोक्त झटकू द्या, भिंती खराब होतात, होऊ देत.

गडबड होते ती ओल राहिली की. मॅलासेझिया नावाची एक बुरशी कुत्र्याच्या कातडीवर एरवीही गपगुमान राहत असते, तिला ऊब, ओल आणि मळ मिळाला की फोफावते. लॅब, कॉकर, बीगल यांचे कान म्हणजे वरून झाकण घातलेला डबा, हवाच जात नाही. आमच्या गल्लीतला गावठी राजा अख्खा पावसाळा भिजतो, पण त्याचे कान ताठ उभे, वारा लागतो, लवकर वाळतात. आणि तेल तर ती ओल आत धरून ठेवतं. त्यात लसूण, कुत्र्याच्या पोटात जास्त गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि कानातनं ओघळलेलं चाटल्याशिवाय कुत्रं राहील का?

मग करायचं काय. व्हेटकडून कुत्र्यांचं कान धुवायचं लोशन आणायचं, बाटली मिनिटभर मुठीत धरायची कारण गार लोशन पडलं की ते बिचारं दचकतं आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच दिवाणाखाली पळतं. पाळी वर उचलायची, कान भरेल इतकं ओतायचं, मग कानाच्या मुळाशी बोटं लावली की एक कडक नळी हाताला लागते, ती अर्धा मिनिट चोळायची, आतून पचक-पचक असा आवाज आला पाहिजे, तो आला की समजायचं लोशन वळणापर्यंत पोचलंय. मग सोडून द्यायचं आणि आपण लांब व्हायचं! झटकून झालं की कापसानं बोट जाईल तेवढंच पुसायचं. हे पोहल्यानंतर, आंघोळीनंतर, रोज नाही, रोज केलं तर कातडी उलट सोलवटते.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, आपले कानाचे ड्रॉप्स, काही नको. आणि कान लाल आहे, हात लावू देत नाही, मान एका बाजूला झुकलीय किंवा तोल जातोय असं असेल तर लोशनसुद्धा नको, कारण आत पडदा फाटलेला असला तर तेच औषध पलीकडे जाऊन ऐकू येणं बंद होऊ शकतं. आधी डॉक्टर. झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते कधीकधी, मग पाळी पाण्याच्या फुग्यासारखी टम्म फुगते, तेव्हाही वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. आणि दर दोन महिन्यांनी तेच दुखणं परत येत असेल तर पाण्याला दोष देऊ नका, बऱ्याचदा मुळात ॲलर्जी असते, कान नुसते धुऊन ती जात नाही.

बंड्याला बरं व्हायला तीन आठवडे लागले. आता दर रविवारी चहा झाला की आईच त्याचा कान उचलून नाक लावते, "आज चांगलाय गं" किंवा "डावा बघ जरा" असं सांगते, तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट. लसणीचं तेल हल्ली फक्त बाबांच्या गुडघ्याला.

हां, एक राहिलंच, आंघोळीच्या आधी कानात कापसाचे बोळे घालत असाल तर मोठे घाला आणि नंतर आठवणीनं काढा, दोन घातले की दोन निघाले पाहिजेत. मागच्या महिन्यात मी एकच काढून मोकळी झाले होते, दुसरा रात्री पलंगाखाली सापडला, चावून चावून भिजलेला.