दोष पुढच्या थराखाली गाडला जातो

(वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनमधल्या मंडळींसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये काम करणाऱ्यांना मिग वेल्डिंग, म्हणजे सतत पुढे येणारी तार गॅसच्या आडोशात विजेच्या आर्कने वितळवून जोडणं, समजावून सांगायला नको. रोबोच्या हातात टॉर्च, खाली क्लॅम्प केलेली बेस प्लेट आणि १.२ मिमी तारेचे थरावर थर. वायर-आर्क पद्धत, म्हणजे तार वितळवून थराथराने वस्तू घडवणं, मुळात एवढीच. फरक असा की एरवी वेल्ड हा जॉबचा एक भाग असतो, इथे अख्खा जॉबच वेल्ड असतो. २०१७ साली रॉटरडॅममध्ये जहाजाचा १.३५ मीटर व्यासाचा प्रोपेलर असाच घडवला गेला; निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा, २९८ थरांचा. आता हिशेब करा. प्रत्येक थर कुठेतरी सुरू होतो आणि कुठेतरी संपतो, आणि बीड, म्हणजे वितळून गोठलेल्या धातूची ओळ, सर्वांत जास्त बिघडतं ते याच दोन ठिकाणी.

सुरुवातीला खालचा धातू थंड असतो. वितळण खोल जात नाही, बीडला उंचवटा येतो. शेवटी आर्क बंद होताना रस आकसतो आणि क्रेटर, म्हणजे खळगा, राहतो. सगळे थर एकाच बिंदूपासून सुरू केले, तर दहा-बारा थरांत भिंतीचं एक टोक चढतं आणि दुसरं बसतं. सरळ भिंत असेल तर एक थर डावीकडून, पुढचा उजवीकडून टाका. बंद गोल असेल तर सुरुवात दर थराला थोडी पुढे सरकवा. सुरुवातीला करंट थोडा जास्त आणि शेवटी क्रेटर फिल, एवढं प्रोग्रॅममध्ये घातलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

आता उंचीकडे येतो, कारण इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. समजा, प्रोग्रॅममध्ये थराची उंची २ मिमी धरली आहे, पण प्रत्यक्षात १.९ मिमीच भरतेय. एका थराला हा फरक काहीच नाही. पन्नासाव्या थराला टॉर्च जॉबपासून ५ मिमी लांब गेलेली असते. टॉर्चच्या टिपेपासून जॉबपर्यंतचं अंतर १५ मिमी ठेवलं होतं, ते २० झालं. मिगच्या मशीनवर तारेचा वेग तोच राहतो, पण स्टिकआउट, म्हणजे टिपेबाहेरची तार, वाढल्यामुळे करंट उतरतो आणि वितळण उथळ होते. गॅसचं छत्रही विरळ होतं. मग ब्लोहोल (गॅसची छिद्रं) दिसले की लोक सिलिंडर बदलतात! सिलिंडरचा काही दोष नसतो. दर चार-पाच थरांनी उंची मोजा आणि टॉर्चची पायरी त्याप्रमाणे बदला.

पण उंची कमी का भरते? बहुतेक वेळा उष्णतेमुळे. खालच्या थरांची उष्णता प्लेटमध्ये उतरते. भिंत वाढली की प्लेट लांब जाते, उष्णता वरच साठते, बीड पसरट आणि बुटकं होतं, कडांवरून ओघळतं. म्हणून पुढचा थर टाकण्याआधीचं तापमान ठरवून घ्या आणि पाळा. ऑस्टेनिटिक (चुंबकाला सहसा न चिकटणाऱ्या) स्टेनलेससाठी १५० अंशांची मर्यादा नेहमीची आहे. 'थरामागे एक मिनिट थांबा' हा नियम मात्र मला पटत नाही. पाचव्या थराला एक मिनिट पुष्कळ होतं, साठाव्याला पुरत नाही. तापमान मोजून थांबा. लांबून तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरवर आंधळा विश्वास नको. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. टेकवायचा थर्मोकपल बरा.

माइल्ड स्टीलची नेहमीची तार घेतली, तर तिच्यातल्या सिलिकॉन-मँगनीजमुळे बीडवर काचेसारखे तपकिरी ठिपके येतात. साध्या वेल्डमध्ये ते टकटक करून पाडतो. इथे त्यांच्यावर पुढचा थर बसतो, आर्क अडखळते आणि कचरा आत अडकतो. दर काही थरांनी वायर ब्रश मारा.

जाड भिंतीत बीडशेजारी बीड टाकताना, एका बीडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर बीडच्या रुंदीच्या दोन तृतीयांश ते पाऊण ठेवा. म्हणजे ६ मिमीच्या बीडला ४ ते ४.५ मिमी. वेळ वाचवायला ५ केलंत तर मध्ये दरी राहते, तिच्या तळाशी आर्क नीट पोचत नाही, आणि जोड न झालेली एक लांबच लांब फट आत राहते. गोल छिद्रापेक्षा अशी चपटी फट किती तरी वाईट, कारण तडा तिच्या टोकापासून निघतो.

ॲल्युमिनियमवाल्यांचा खरा शत्रू हायड्रोजन. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये तो घट्ट धातूच्या सुमारे वीसपट विरघळतो. रस गोठला की बाहेर पडायला जागा नाही, म्हणून बारीक छिद्रं. हा हायड्रोजन येतो तारेवरच्या ओलाव्यातून आणि ग्रीसमधून. जुलै-ऑगस्टात एसी स्टोअरमधला थंडगार स्पूल काढून लगेच शॉपमध्ये लावला, तर त्यावर दव धरतं. स्पूल पिशवीतच ठेवून शॉपच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. उरलेला स्पूल रात्रभर मशीनवर नको. ब्रश स्टेनलेसचा आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा. आर्गॉनचा प्रवाह मिनिटाला १५ ते २० लिटर पुरतो. त्याच्या फार वर गेलात तर गॅस घुसळतो आणि हवा आत ओढतो. आणि उकाड्यासाठी लावलेल्या पेडेस्टल फॅनचं तोंड जॉबकडे नको, हे सांगावं लागतं हेच दुर्दैव.

वाकण्याबद्दल थोडक्यात. क्लॅम्प काढला की प्लेटची टोकं वर उचलतात, कारण बीडच्या लांबीच्या दिशेने ताण अडकलेला असतो. स्टीलमध्ये क्लॅम्प न काढताच ६०० अंशांच्या आसपास स्ट्रेस रिलीव्ह करा, म्हणजे तापवून अडकलेला ताण सोडवा. डिझाइनमध्ये शक्य असेल तर प्लेटच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने थर चढवा.

तपासणीत अडचण अशी की खडबडीत पृष्ठभागावर अल्ट्रासॉनिकचा प्रोब नीट बसत नाही, म्हणजे आधी मशिनिंग. स्टेनलेसमध्ये लांबट कणांमुळे लहरी विखुरतात, म्हणून त्याच मटेरियलच्या भिंतीत मुद्दाम छिद्रं पाडून रेफरन्स ब्लॉक, म्हणजे तुलनेचा नमुना, करावा लागतो. एचआयपी, म्हणजे उच्च दाबाखाली तापवणं, आतली छिद्रं मिटवतं. पृष्ठभागाला उघडलेली मिटवत नाही. म्हणून मशिनिंगनंतर डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून पृष्ठभागावरच्या फटी शोधणं) चुकवू नका. आणि दर बिल्डसोबत त्याच सेटिंगवर एक साक्षीची भिंत उभी करा. तिच्यातून टेन्साइलचे (ओढून ताकद तपासायचे) तुकडे थराच्या दिशेने कापा आणि उभे, थरांना आडवे जाणारेही कापा. फक्त थराच्या दिशेने कापलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट कोणी पुढे केला, तर उभ्यांचा मागून घ्या. थरांमधली कच्ची जोड तिथेच उघडी पडते.