आज रात्री काहीही करू नका

(मुंबई मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी, पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांसमोर दादरमध्ये शनिवार, १८ जानेवारी २०२० रोजी संध्याकाळी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मला तासभर दिलाय, पण मी तुम्हाला अर्ध्या तासात सोडणार आहे. उद्या पहाटे पाचच्या सुमाराला सीएसएमटीसमोर उभं राहायचंय. म्हणजे अडीचला उठणं आलं आणि आठला अंथरुणात शिरणं आलं. आणि झोप काही येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

माझ्या पहिल्या फुल मॅरेथॉनच्या आदल्या रात्री मी तीन गजर लावले होते. एक मोबाइलवर, एक घड्याळात आणि तिसरा शेजारच्यांच्या मुलाला सांगून. डोळा लागला, दचकून जागा झालो, अंघोळ केली, बिब, म्हणजे धावणाऱ्याचा नंबर छापलेला कागद, लावलेला टीशर्ट चढवला, बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधल्या आणि हॉलमध्ये सोफ्यावर ताठ बसून राहिलो. आतून ही आली. म्हणाली, "अहो, बारा चाळीस झालेत." मग बूट काढले, पण टीशर्ट काढायला मन होईना. पिना टोचत होत्या तरी तसाच आडवा पडलो.

तर झोपेचं म्हणाल, तर एका रात्रीच्या अर्धवट झोपेने पाय संपत नाहीत. गुरुवारी, शुक्रवारी नीट झोपला असाल तर तेवढं पुरतं. आज नुसतं अंधारात पडून राहा. झोप लागत नाही म्हणून मोबाइल उघडून उद्याचं हवामान अकराव्यांदा बघितलंत, तरी मुंबईची दमट हवा तेवढीच दमट राहणार आहे.

आता खरा मुद्दा. सप्टेंबरपासून तुम्ही रोज काही ना काही करताय. भर पावसात शिवाजी पार्कच्या फेऱ्या मारल्यात, डिसेंबरमध्ये बत्तीस किलोमीटरची लांब दौड झाली. मग शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करायला सांगितलं, आणि आज तर काहीच नाही. रोज राबणाऱ्या माणसाला रिकामं बसवलं की तो कुरापती काढतो, तसं आपलं शरीर या आठवड्यात करतं. काल संध्याकाळपासून किती जणांचा गुडघा दुखतोय? हात वर करा. बघा, निम्मा हॉल. माझाही डावा दुखायचा. डॉक्टरांनी कुठे म्हणून विचारलं तर मी उजव्यावर बोट ठेवलं. खरी दुखापत असेल, लंगडत असाल, तर उद्या धावू नका, पुढचं वर्ष आहेच. पण जे दुखणं जिना उतरताना जाणवत नाही आणि फक्त सोफ्यावर बसल्यावर जाणवतं, त्याला काही अर्थ नाही.

आता काहीतरी केलं पाहिजे, ही जी हातांची शिवशिव असते ना, तिनेच आज रात्री घात होतो. कुणी मालिश करून घेतो, कुणी बिब मिळतो त्या एक्स्पोमधून आणलेली, धावताना खायची नवी गोड जेल 'एकदा बघू' म्हणून उद्यासाठी खिशात टाकतो, कुणी लिटरच्या लिटर पाणी पितो. पाण्याचं तर बजावून सांगतो: गरजेपेक्षा फार प्यायलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते तहानेपेक्षा वाईट.

जेवणाचं मी स्वतः करून बसलोय. 'कार्ब लोडिंग', म्हणजे शर्यतीआधी भातासारखं पिष्टमय खाऊन साठा भरणं, हा शब्द कुठेतरी ऐकला होता, आणि त्याच शनिवारी एका साखरपुड्याचं आमंत्रण होतं. श्रीखंड-पुरी शास्त्राच्या नावाखाली किती खाल्ली ते सांगत नाही. वरळीला त्याचं उत्तर मिळालं. तेव्हा त्यामागचं गणित ऐका. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजनचा, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा साधारण दोन हजार कॅलरींचा. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला एका किलोमीटरला साधारण तेवढ्याच, साठ-पासष्ट कॅलरी लागतात. भागाकार करा, तिशीच्या पुढे डबा रिकामा. 'बत्तीसला भिंत येते' म्हणतात ती हीच, आणि आपल्याकडे तर पस्तीसनंतर पेडर रोडचा चढ उभा असतो. म्हणून धावताना मधेमधे काहीतरी खायचं. पण साठ्याचं म्हणाल तर तो गेले तीन दिवस भात खाताय त्यातून भरलाय. आजच्या एका ताटातून तो वाढणार नाही, पोट मात्र बिघडेल. आणि वजनकाट्यावर किलोभर जास्त दिसलं तर घाबरू नका, एक ग्रॅम ग्लायकोजन सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वरण-भात खा, सातच्या आत.

हल्ली मॅरेथॉनला वारी म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. वारकरी मनगटावर घड्याळ लावून पंढरपूरला जात नाही, आणि पोचल्यावर फेसबुकवर टायमिंग टाकत नाही. पण एक आहे. दशमीच्या आधी सगळ्या पालख्या वाखरीला एकत्र येतात. पंढरपूर आता हाकेच्या अंतरावर असतं, चालायचं जवळजवळ सगळं चालून झालेलं असतं. तुमचंही चालून झालंय. उद्या उरलंय ते बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर.

हे एकशे पंच्याण्णव मीटर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले. विंडसर कॅसलपासून स्टेडियममधल्या राजाच्या आसनापर्यंतचं ते अंतर. पण पुढे १९२० ला अँटवर्पमध्ये मॅरेथॉन होती बेचाळीस किलोमीटर सातशे पन्नास मीटरची. तिथे आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले आणि एकोणिसावे आले. बरोबर शंभर वर्षं झाली. उद्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला मला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर फडेप्पांना आठवा, त्यांना त्याच्यापुढे आणखी साडेपाचशे मीटर होते.

आणि उद्या एक मजा आहे. ज्या सी-लिंकवर एरवी पायी पाऊल टाकू देत नाहीत, तिच्यावर तुम्ही अंधारातून उजेडात धावत जाल. दोन्ही बाजूंना समुद्र, आणि आवाज फक्त बुटांचा. परत येताना पेडर रोडवर अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की पुढे करतील. मला दर वर्षी या दोन गोष्टींसाठी झोप येत नाही. यंदा सहासष्ट वर्षांचा आहे, आज दुपारपासून तीनदा शौचाला जाऊन आलोय. तेव्हा तुमच्या पोटात गोळा आला असेल तर लाजू नका. स्टार्टला रांग मोठी असते, तेवढं वेळेचं धरून निघा.

चला, घरी जा. बिब आत्ताच टीशर्टला लावून टाका, चारही कोपऱ्यांना, आणि टीशर्ट घालून झोपू नका. पिना कुणाला कमी पडतायत? या पुढे, माझ्या पिशवीत अख्खं पाकीट आहे.